आवडीतली उणीव

शके १६४० च्या फाल्गुन पौर्णिमेला श्रीधर कवींनी बारामतीत ‘शिवलीलामृत’ पूर्ण केलं. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी काळ आणि स्थळ दोन्ही नोंदवून ठेवलं आहे. गावाचं नाव तिथे द्वादशमती असं येतं आणि नदीचं ब्रह्मकमंडलू. हे गाव म्हणजे आपली बारामती आणि ती नदी म्हणजे कऱ्हा. श्रीधरांचं निधन १७२९ मधलं मानतात. त्याच वर्षी पन्हाळ्यावर मोरेश्वर रामजी पराडकरांचा जन्म झाला. ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर ते बारामतीला आले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले, आयुष्यभर इथेच लिहीत राहिले आणि १७९४ च्या चैत्रात इथेच वारले. त्यांना आपण मोरोपंत म्हणतो.

एकच गाव, एकच नदीकाठ आणि हाताशी असलेली सामग्रीही एकच. राम, कृष्ण, पांडव, भागवत, पुराणं. तरी या दोघांनी त्या सामग्रीचं जे केलं त्यात कमालीचं अंतर आहे. श्रीधरांची ओवी अक्षरओळख नसलेल्या बाईलाही एकदा ऐकून कळते. मोरोपंतांची आर्या मात्र शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचायला लावते, आणि दुसऱ्या वाचनात जास्त देते. एवढ्या जवळच्या दोन माणसांनी इतक्या वेगळ्या दिशा का धरल्या? प्रतिभा वेगळी होती, काळ बदलला होता, ही उत्तरं खरी असली तरी अपुरी आहेत. मला या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, कारण तो माझाही प्रश्न आहे. मी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत राहतो आणि मराठी गद्य लिहितो. मला काय आवडतं आणि मला काय लिहायचं आहे, यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मला नेमकं सांगता आलं पाहिजे. ते सांगण्यासाठी या दोघांइतकी चांगली उदाहरणं मला दुसरीकडे सापडत नाहीत.

माझं म्हणणं आधीच मांडतो. नुसत्या आवडीतून लेखकाचं ध्येय निघत नाही. जे मनापासून आवडतं त्याच्याशेजारी जी जागा रिकामी दिसते, तिथून ते निघतं. आवड नसेल तर ती रिकामी जागा दिसतच नाही, आणि ती दिसली नाही तर आवड वाचकाच्या सुखापुरती उरते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस लिहायला बसतो, आणि बसलेला उठत नाही.

मोरोपंतांच्या आवडीनिवडी आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांनी त्या लिहून ठेवल्या. ‘सन्मणिमाला’ नावाची त्यांची एक रचना आहे. तिच्यात त्यांनी संतांना एकेक करून वंदन केलं आहे. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम अशी नावं तिथे येतात. या नावांकडे लेखक म्हणून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. ज्ञानदेव आणि एकनाथ मुख्यतः ओवीचे, नामदेव आणि तुकाराम अभंगाचे. यांच्यातल्या कोणाचंही नाव आर्येशी जोडलेलं नाही. जातीचं अंतरही या वंदनाच्या आड आलं नाही, नामदेव शिंपी, तुकाराम वाणी आणि मोरोपंत पुराण सांगणारे कऱ्हाडे ब्राह्मण. ज्यांच्यापुढे त्यांनी इतक्या प्रेमानं मान लववली, त्यांच्यातल्या एकाच्याही वळणानं त्यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला नाही.

आपल्याकडे ‘तुमचा आवडता लेखक कोण?’ या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेलं असतं. जो आवडतो त्याच्यासारखं लिहिण्याची धडपड चालू असणार, असं ते गृहीतक. नवे लेखकही ते मान्य करून टाकतात आणि आवडत्या लेखकाची वाक्यं, त्याचे विराम, त्याचा बोलीचा लहेजा उचलतात. मोरोपंतांनी तुकोबांवर प्रेम केलं आणि लिहिलं स्वतःच्या पद्धतीनं. त्यात मला प्रेमाची कमतरता दिसत नाही, उलट प्रेम पुरतं मुरल्याची खूण दिसते. तुकोबांनी अभंगात जे करायचं ते पूर्ण करून ठेवलं होतं. पूर्ण झालेल्या कामाची पुनरावृत्ती हा आदर ठरत नाही. आदर करणाऱ्यानं दुसरं काम शोधायचं असतं.

मग मोरोपंतांना रिकामी जागा कुठे दिसली? महाभारताची गोष्ट मराठीत नव्हती म्हणावं तर तसं नाही. विष्णुदास नामा होता. एकनाथांचा नातू मुक्तेश्वर होता आणि त्याची काही पर्वं आजही आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ चौसष्ट अध्यायांचा आहे आणि तो घरोघर वाचला जात होता. कथेची उणीव नव्हतीच, उणीव होती बांध्याची. संस्कृतातली घट्ट वीण, थोड्या अक्षरांत पुष्कळ अर्थ मावण्याची शक्ती, उच्चारताच कानाला जाणवणारा तोल, हे मराठीत सलग अठरा पर्वं कोणीतरी पेलून दाखवायचं होतं. मोरोपंतांनी आर्या निवडली. त्यांच्या बहुतेक आर्या गीती प्रकारच्या आहेत, म्हणजे दोन्ही ओळी तीस तीस मात्रांच्या. त्या मापात त्यांनी लाखभर श्लोकांचं समजलं जाणारं महाभारत सतरा हजारांहून थोड्या अधिक आर्यांत बसवलं. सहातले पाच भाग गाळून कथा लंगडी न होऊ देणं हे संक्षेपाचं काम नसून प्रत्येक आर्येपाशी निवड करण्याचं काम आहे. कुठलं विशेषण राहील, कुठलं जाईल, कुठला संवाद एका क्रियापदात मावेल, हे सतरा हजार वेळा ठरवायचं.

श्रीधरांची उणीव दुसरी होती. पुराणं संस्कृतात होती, पंडितांच्या ओसरीवर होती. जात्याशी, चुलीशी, गोठ्याशी असलेल्या माणसांपर्यंत ती कीर्तनातून येत होती, पण कीर्तनकार गावी येईल तेव्हाच. घरात एखाद्याला वाचता येत असेल तर त्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, असा सलग, गोड, न अडखळणारा ग्रंथ हवा होता. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ यांनी ती जागा इतकी पक्की भरली की आजही महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय घराघरांत वाचला जातो. श्रीधरांचा वाचक खरं तर श्रोता आहे, आणि त्यांनी प्रत्येक ओवी त्याच्या कानात घालून पाहिलेली आहे असं वाटतं.

म्हणून या दोघांत थोर कोण हा वाद मला निरर्थक वाटतो. एकाला पोहोचण्याची उणीव दिसली आणि दुसऱ्याला घडणीची. दोघांनीही आपापली जागा भरली. मराठीला दोघंही हवे होते. बारामतीनं तर दोघांना पस्तीसएक वर्षांच्या अंतरानं कऱ्हेचं पाणी पाजलं.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप घेतो, आणि तो मोरोपंतांकडूनच येतो. त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणं सांगितली जातात. रामकथेची मराठीत कसली उणीव होती? एकनाथांचं ‘भावार्थरामायण’ होतं, श्रीधरांचा ‘रामविजय’ होता. तरी हा कवी पुन्हा पुन्हा रामकथेकडे वळतो आणि दर वेळी स्वतःला नवी अट घालतो. एका रामायणात ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरांच्या मंत्राची अक्षरं ओळींतून गुंफलेली आहेत. दुसरं आहे ‘निरोष्ठरामायण’. त्यात ओठ एकमेकांना लावावे लागतील असं अक्षर वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. या अटीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ‘राम’ या नावातच ‘म’ आहे. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचं नाव एकदाही न उच्चारता ती पूर्ण करायची. नाव घेणं हीच ज्या परंपरेत मुख्य साधना आहे, त्या परंपरेतला एक भाविक माणूस ही अट स्वीकारतो आणि पार पाडतो.

पुढच्या काळात या कसरतींची पुष्कळ टवाळी झाली. मोरोपंत म्हणजे यमकांचा कारागीर आणि शब्दांचा कसबी, हृदय नसलेला विद्वान, असं बोललं गेलं. १८५४ मध्ये परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’ हे वेच्यांचं पुस्तक काढलं. त्यातून मोरोपंत शाळेत गेले आणि शाळेत गेलेल्या कवीचं जे होतं ते त्यांचंही झालं. मुलांनी पाठ केलं, अन्वय लावले, समास सोडवले आणि मोठेपणी कंटाळा तेवढा लक्षात ठेवला. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांना मोरोपंतांच्या कवितेवर दीर्घ निबंध लिहून त्यांची बाजू लढवावी लागली. पुढे केशवसुतांच्या पिढीनं कवितेची वाटच बदलली आणि आर्या मागे राहिली.

टीकाकारांना मी पूर्ण चुकीचं ठरवणार नाही. एकशे आठपैकी कितीतरी रामायणं आज वाचली जात नाहीत आणि जाणारही नाहीत. माझ्या मांडणीत त्याचं कारण सरळ आहे. त्या कामांमागे वाचकाच्या बाजूची उणीव नव्हती. एकशे आठ हा आकडाच जपमाळेच्या मण्यांचा आहे. ते काम देवासाठी आणि स्वतःच्या हातासाठी होतं. मात्र टीकाकार तिथेच थांबले आणि त्यांनी एक मोठी गोष्ट सोडून दिली. माझ्या मते लेखकाच्या आयुष्यात दोन प्रकारची कामं असतात. काही कामं वाचकाची जागा भरतात आणि काही लेखकाचा हात घडवतात. दुसऱ्या प्रकारच्या कामाचं मोल त्या कामात दिसत नाही, नंतरच्या कामात दिसतं. गवयाचे पलटे मैफलीत कोणी ऐकत नाही, पण मैफल त्यांच्याच जोरावर उभी असते.

मोरोपंतांच्या बाबतीत ते नंतरचं काम म्हणजे ‘केकावली’. उतारवयात लिहिलेले सव्वाशेच्या आतबाहेरचे श्लोक, आणि तेही आर्येत नाहीत, पृथ्वी वृत्तात. सतरा अक्षरांची ती ओळ श्वास लांबवते आणि मग अचानक वळते. आयुष्यभर जे माप हाताशी धरलं होतं ते कवीनं इथे बाजूला ठेवलं. विषयही उरला नाही. पांडव नाहीत, यादव नाहीत, लंका नाही. एक थकलेला माणूस देवाशी थेट बोलतो आहे. विनवतो, भांडतो, युक्तिवाद करतो, आधीच्या भक्तांना तारलंस तर मला का नाही असं विचारतो, आणि पुन्हा शरण जातो. ‘संशयरत्नमाले’तही त्यांनी देवाला शंका विचारल्या होत्या, पण तिथे बुद्धीचा खेळ पुढे आहे. ‘केकावली’त त्याच बुद्धीला पाझर फुटला आहे. तिच्यातला सत्संगतीची मागणी करणारा श्लोक महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत प्रार्थना म्हणून म्हटला गेला. म्हणणाऱ्या मुलांतल्या अनेकांना कवीचं नावही ठाऊक नसेल.

हे श्लोक नुसत्या भावनेच्या जोरावर लिहिता आले असते का? माझं ठाम उत्तर नाही असं आहे. शंभरावर रामायणं लिहून ज्याचा हात अक्षराअक्षरावर स्थिर झाला, त्यालाच इतक्या अवघड वृत्तात इतकं मोकळं बोलता येतं. ज्याला रामाचं नाव न घेता रामकथा सांगता येते, त्याला ते नाव कुठे आणि किती वेळा घ्यावं हे कळतं. हृदय विरुद्ध कारागिरी हा मराठी समीक्षेतला जुना तंटा ‘केकावली’पुढे टिकत नाही. अशा काव्यापर्यंत पोहोचणारी वाट कारागिरीतूनच जाते.

आणखी एक आक्षेप आश्रयाचा आहे. मोरोपंतांचं ध्येय त्यांचं स्वतःचं होतं की नाईकांच्या वाड्याचं? नाईक घराणं सावकारीचं आणि पेशव्यांच्या सोयरिकीतलं. त्या वाड्यात पुराण सांगायचं, वर्षासन घ्यायचं, तर श्रोत्यांची अभिरुची कवीच्या लेखणीत उतरणारच. ती उतरलीही आहे, आणि संस्कृतप्रचुर वळणाला ते वातावरण नक्कीच मानवलं असणार. तरी कुठलाही सावकार कवीकडे ओठ न लावता म्हणायचं रामायण मागत नाही. आश्रयानं मोरोपंतांना वेळ दिला, पोट दिलं, स्थैर्य दिलं. त्या वेळात काय करायचं हे त्यांनीच ठरवलं. पुढे सोलापूरचे लावणीकार राम जोशी कीर्तनाकडे वळले आणि त्यांनी मोरोपंतांच्या आर्या गावोगाव पोहोचवल्या, असं परंपरा सांगते. वाड्यात जन्मलेली कविता डफाच्या माणसानं लोकांत नेली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कविता मुळात वाड्यापुरती असती तर डफाच्या कामी आली नसती.

आजच्या लेखकालाही आश्रय हवा असतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुरस्कार, अनुदानं, संमेलनाची व्यासपीठं, एखाद्या संस्थेनं काढून दिलेलं पुस्तक, ही आजची वर्षासनंच. धोका तेव्हा सुरू होतो जेव्हा लेखक ध्येयही तिथूनच उचलतो. यंदा अमुक विषयाला मागणी आहे, परीक्षकांना तमुक बोली आवडते, या हिशेबानं लिहिलेलं पुस्तक हंगाम संपताच वाळतं. पुस्तकांची संख्या, आवृत्त्यांची संख्या आणि सत्कारांची संख्या ही लेखकाची ध्येयं होऊच शकत नाहीत, कारण त्यांत काय लिहायचं याचं उत्तर नसतं.

इथवर आलो तर मला माझी स्वतःची यादी मांडायलाच हवी, नाहीतर हा सगळा युक्तिवाद दुसऱ्यांच्या जिवावर केल्यासारखा होईल. गद्यात मला तीन पुस्तकं सर्वांत जवळची आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. प्रत्येकाशेजारी मला काय रिकामं दिसतं, तेही सांगतो.

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरं लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या. तरी मराठी गद्यात इतका नितळ, इतका निर्भय आवाज क्वचित ऐकू येतो. घरातलं दुःख आणि घरातला विनोद त्या एकाच स्वरात सांगतात, त्यासाठी आवाज चढवत नाहीत. ते वाचताना मला दर हिवाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्या आठवतात. मुकादमाकडून उचल घेऊन जोडीनं आलेली माणसं, शेताकडेला उभ्या राहिलेल्या खोप्या, पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात शिरणाऱ्या बाया, डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या बाया. त्यांच्याविषयी अहवाल आहेत, बातम्या आहेत, कविता आहेत. त्यांच्यातल्या एखादीचं लक्ष्मीबाईंच्या तोडीचं, स्वतःच्या स्वरातलं, सलग आयुष्य मला वाचायचं आहे. ते मी लिहू शकत नाही. ती जागा तिचीच आहे. पण तिचं बोलणं नीट ऐकून, तिच्या शब्दांना हात न लावता कागदावर उतरवणं माझ्या हातात आहे, आणि लेखकाचं काम कधी कधी एवढंच असतं.

‘बनगरवाडी’ १९५५ ची. माणदेशातली मेंढपाळांची एक वाडी, तिथे आलेला मास्तर, आणि दुष्काळात उठून गेलेलं गाव. तो माणदेश आमच्यापासून लांब नाही. बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा, सुपे, मोरगाव, उंडवडीची बाजू, त्याच कुळातला. पालखीच्या वाटेवर काटेवाडीला आजही मेंढ्यांचं रिंगण होतं. पाणी नसण्याचं साहित्य मराठीत समृद्ध आहे आणि ‘बनगरवाडी’ त्याचा मुकुटमणी आहे. माझ्या नजरेला रिकामी जागा दिसते ती त्याच्या पलीकडे. पाणी आल्यावर माणसाचं काय होतं?

आमच्या दोन तालुक्यांइतकं या प्रश्नाचं चांगलं क्षेत्र महाराष्ट्रात थोडं असेल. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं भोर भागात भाटघरचं धरण आणि नीरा डावा कालवा हाती घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणी या पट्ट्यात खेळू लागलं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, गुऱ्हाळं आली, पुढे कारखाने आले. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंदांनी साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभं केलं. सहकारी कारखान्यांनी माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर या नावांभोवती नवं राजकारण आणि नवी श्रीमंती घडवली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ आजही पाणी ओसरलं की वर येतं. उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती बुडाली त्यांच्या शेजारीच भिगवणला चिलापी मासळीचा बाजार भरतो आणि हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला शहरातली माणसं येतात. एकाच तालुक्यात पाण्यानं कोणाला जमीन दिली आणि कोणाची नेली.

या पाण्याची एक भाषा आहे. पाट, चारी, पाळी, आवर्तन, टेल. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याचं पाण्याशी नातं निराळं आणि इंदापूरच्या बाजूला टेलवर असलेल्याचं निराळं. रात्री-अपरात्री पाळी येते म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला गेलेला माणूस आणि वरच्यानं पाणी तोडलं म्हणून तुटलेली भावकी, हे सगळं कथांमधून तुकड्यातुकड्यांनी आलं आहे. कालव्याच्या पाण्यासारखं सलग, एका गावातून दुसऱ्या गावात जाणारं पुस्तक मला हवं आहे.

तिसरं ‘युगान्त’, १९६७ चं. इरावतीबाईंनी महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून खाली उतरवलं आणि त्यांचा अपमान केला नाही. भीष्माच्या त्यागातला अहंकार दाखवला, गांधारीचं आणि कुंतीचं दुःख दाखवलं, आणि प्रत्येकाला समजून घेतलं. आमच्या भागात सत्ता आणि संस्था घडवणारी मोठी माणसं झाली. त्यांच्याविषयी जे लिहिलं जातं ते बहुधा गौरवग्रंथात असतं किंवा आरोपांच्या भाषणात. दोन्हीकडे माणूस हरवतो. प्रेम न सोडता पारखणारी आणि पारखताना प्रेम न सोडणारी नजर आमच्या वर्तमानावर पडलेली मला पाहायची आहे.

या तीन उणिवांतून माझं ध्येय ठरतं. नीरा डाव्या कालव्याच्या काठानं, वीरपासून इंदापूरच्या टेलपर्यंत, चारीमागून चारी घेत जाणारं एक गद्य पुस्तक मला लिहायचं आहे. त्यात पाणी मिळालेली माणसं असतील आणि पाण्यानं उठवलेलीही. त्या पुस्तकासाठी मी दोन कसोट्या नेमल्या आहेत आणि त्या या गावानंच दिल्या आहेत. श्रीधरांची कसोटी अशी की ज्याच्याविषयी लिहिलं त्याला ते मोठ्यानं वाचून दाखवता आलं पाहिजे आणि त्यानं अडखळता कामा नये. मोरोपंतांची कसोटी अशी की प्रत्येक वाक्यातलं गाळता येईल ते गाळलेलं असलं पाहिजे. या दोन कसोट्या परस्परविरोधी वाटतात. मला वाटतं, चांगलं मराठी गद्य नेमकं त्या दोन्हींच्या मध्ये राहतं.

आणि एक अट मी ‘निरोष्ठरामायणा’वरून घेतली आहे. या पुस्तकात ‘विकास’ हा शब्द एकदाही येणार नाही. आमच्या तालुक्यांविषयी कोणी दोन वाक्यं बोललं की हा शब्द येतो. आला की पुढचं पाहण्याची गरज संपते, मग बोलणारा बाजूचा असो की विरोधातला. तो शब्द हाताशी नसेल तर मला प्रत्येक वेळी सांगावं लागेल की नक्की काय झालं. कुणाच्या रानात किती पाणी आलं, कुणाची मुलगी कॉलेजात गेली, कुणाची जमीन खारावली, कुणाचं देऊळ बुडालं. अट हात बांधते असं वरवर दिसतं, पण ती डोळे उघडायला लावते. हे मला कुठल्या पाश्चात्त्य प्रयोगशील लेखकाकडून शिकावं लागलं नाही. आमच्याच गावातल्या पुराणिकानं अडीचशे वर्षांपूर्वी ते करून ठेवलं आहे.

कोणी म्हणेल, अशानं लेखक आपल्या तालुक्यात कोंडून घेईल. साहित्य विश्वाचं असावं, कालव्याचं कशाला? तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेनं जाते. तिच्यातले अभंग देहूच्या एका वाण्यानं इंद्रायणीकाठी, आपल्या दुकानाच्या, कर्जाच्या आणि दुष्काळाच्या अनुभवातून केले. त्यातला दुष्काळ तिथलाच आहे, म्हणून तो सगळ्यांचा आहे. जागेशी प्रामाणिक राहिलेलं लेखन दूर जातं. सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेलं मात्र कोणाच्याच दारात थांबत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, उणीव शोधून लिहिणं म्हणजे समाजकार्य, कला नव्हे. इथे एक भेद पक्का ठेवायला हवा. मी ज्या उणिवेविषयी बोलतो आहे ती समाजातली तक्रार नाही, साहित्यातली रिकामी जागा आहे. मोरोपंतांना दिसलेली उणीव छंदाची होती. श्रीधरांची श्रवणाची होती. लक्ष्मीबाईंनी भरलेली जागा एका स्वराची होती. अशी जागा भरण्यासाठी कलाच लागते, आणि पुरती लागते. सदिच्छेनं ती भरत नाही.

म्हणून माझ्या भागातल्या लिहिणाऱ्या मित्रांना मी आग्रहानं सांगतो की आपल्या आवडत्या पुस्तकांची यादी करा, ती उघडपणे मांडा, आणि प्रत्येक नावाशेजारी तुम्हाला दिसलेली उणीव लिहा. ती लिहिता आली नाही तर ते पुस्तक तुम्हाला अजून पुरतं आवडलेलं नाही, ते पुन्हा वाचा. ती लिहिता आली तर तुमचं पुढच्या काही वर्षांचं काम ठरलं, आणि ते कोणाला विचारायची गरज उरली नाही. कऱ्हेच्या काठी हे दोनदा सिद्ध झालेलं आहे, दोन वेगळ्या स्वभावांच्या कवींकडून, एकाच शतकात. तिसऱ्यांदा ते सिद्ध करण्याची जबाबदारी आता इथे राहणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या आमच्यावर आहे.